रंगाचं पाणी विहिरीत: मंडळाशिवाय, नुसत्या मालकी हक्कावर रोखता येईल का?

सीनाकाठ:
सोलापुरात चादरी-टॉवेलचं सूत रंगवणाऱ्या कारखान्याचं पाणी नाल्यात सुटतंय आणि खालच्या विहिरी खारावतायत, असं धरा. प्रदूषण मंडळाकडे न जाता जमीनमालक म्हणून हे थांबवता येतं का? इंग्लंडात मासेमारीचे हक्क असलेले क्लब कारखान्यांना कोर्टात खेचतात म्हणे.

बांधकरी:
खेचतात, कारण तिथे मासे धरण्याचा हक्क ही खाजगी मालमत्ता आहे. १९५२-५३ च्या प्राइड ऑफ डर्बी खटल्यात अशा क्लबने कंपनीबरोबर डर्बीच्या नगरपालिकेवरही मनाई हुकूम मिळवला. आपल्याकडे जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नदी-नाले सरकारचे. नाल्याचे मालक म्हणून भांडता येणार नाही.

पण १८८२ च्या इझमेंट अ‍ॅक्टचं (सुविधाधिकार कायद्याचं) कलम ७ वाचा. आपल्या हद्दीत वाहत किंवा झिरपत येणारं पाणी दुसऱ्याने अवाजवी घाण करू नये, हा हक्क जमिनीबरोबरच मिळतो. त्यावर दिवाणी कोर्टात कायम मनाई मागा; भरपाईचा दावा मात्र २०१० च्या कायद्यापासून राष्ट्रीय हरित लवादाकडे जातो.

गप्प मात्र बसू नका. उघडपणे, बिनतक्रार, अखंड २० वर्षं घाण सोडली तर कलम १५ खाली कारखान्याला ती सोडण्याचा हक्कच लागू शकतो. नुसत्या नोटिशीवर विसंबू नका, दावा त्याआधी दाखल झाला पाहिजे.

रंगखाना:
दावा अडतो तो "आमचंच पाणी कशावरून?" इथे. चुना-तुरटीने रंग खाली बसतो, मीठ तसंच राहतं. सुतासाठी वापरतात त्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगाला लिटरमागे ४०-८० ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) लागतं, ते जवळपास सगळं बाहेर येतं. तेव्हा पाणी नितळ दिसलं तरी फसू नका. सोडियम काळ्या रानात मुरलं की जमीन चोपण होते: पाणी वरच साचतं, ढेकूळ फुटत नाही.

नमुना घेताना पंप १५ मिनिटं चालवा, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. नाल्याचा कारखान्याच्या वरचा आणि खालचा, शिवाय चढावरच्या एखाद्या विहिरीचा नमुना हवाच. नाहीतर "इथलं पाणी मुळातच खारं" म्हणतील. ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचं माप), सोडियम, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, पोटॅश तपासा. सोडियमसोबत क्लोराइड किंवा सल्फेट चढलं तर रंगाकडे बोट जातं. नायट्रेट चढलं तर सांडपाणी किंवा खत, पोटॅश चढलं तर मळीचं पाणी. ईसी ३ डेसीसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की बहुतेक पिकं मार खातात. स्वतः नेलेल्या नमुन्यावर शंका घेतात, म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २६ रूल ९ खाली जागेवर पाहणी करणारा कोर्ट कमिशनर मागा.

सीनाकाठ:
कोर्टही सरकारीच ना? आणि वर दहा-बारा कारखाने असतील तर?

बांधकरी:
कोर्टाशिवाय हक्क कागदावरच राहतो, ते मान्य. कारखाने जास्त असतील तर करार बरा: प्रत्येकाच्या पाइपच्या तोंडाला ईसी मीटर, रात्रीचे आकडे दोन्ही बाजूंना, आणि अनामत रक्कम; मर्यादा ओलांडली की टँकरचे पैसे त्यातून. करार रजिस्टर करून घ्या, नाहीतर शेड विकली की नवा मालक हात वर करतो. आणि सही न करणारा एक जरी राहिला तरी तो रात्री सोडणार, मीटर मात्र बाकीच्यांच्या तोंडाला.