मदत हवी आहे : क्रिकेटची जुनी कार्डं ठेवू का काढून टाकू?

नमस्कार मंडळी. मी दिग्रस तालुक्यातला. परवा कापूस भरायला मागची खोली रिकामी करताना लोखंडी पेटीत लहानपणची कार्डं सापडली. थोडी बिग फनच्या बबलगमची, बाकी ट्रम्प कार्डं. आठवडी बाजारात आबाजीच्या मागे लागून घेतलेली. शाळेच्या ओट्यावर खेळून खेळून सगळ्यांचे कोपरे मुडपलेत. सचिनच्या एका कार्डावर तर मीच पेनानं मिशा काढल्या आहेत, आता काय सांगावं बाप्पा!

पुतण्या म्हणते, "काका, फेकू नका, लाखात जाईन." त्यानं मोबाईलवर दाखवलं, अमेरिकेत २०२२ मध्ये मिकी मँटलचं १९५२ सालचं बेसबॉल कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. पण त्या कार्डाला चांगल्या अवस्थेसाठी १० पैकी ९.५ गुण होते. माझी पोट्ट्यांच्या खिशात फिरलेली. मला तर फार आशा वाटत नाही.

तरी कोणी जाणकार असेल तर सांगा, आपल्याकडे अशी कार्डं विकत घेणारे खरंच आहेत का? पीएसए या अमेरिकन कंपनीकडून ग्रेडिंग, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून गुण, करून घ्यायचा खर्च मुडपलेल्या कार्डावर निघेल का? आणि ठेवायची तर कशी? आमच्याकडे उन्हाळ्यात टिनाखाली भट्टी, पावसाळ्यात भिंतीला ओल. प्लास्टिकच्या पाकिटात घातली तर एकमेकांना चिकटतील का?

पुतण्याला आता कार्डांची नवी पाकिटं घ्यायला पैसे पाहिजेत, "गुंतवणूक" म्हणे. खेळायला घेतो म्हणाला असता तर लगेच दिले असते.