तेंडुलकरांचं 'समग्र' नक्की कुणाला हवंय?

तिसरी घंटा
विजय तेंडुलकरांची सगळी नाटकं एकत्र, 'समग्र' छापायला हवीत, असं मी म्हटलं. त्यावर काल इथे कुणीतरी लिहिलं, "नाटककाराचं समग्र छापणं म्हणजे लोणच्याची कृती फ्रेम करून भिंतीला लावणं. नाटक बघायचं असतं. ज्यांना तिकीट काढायचा कंटाळा ते वाचतात." त्यावर बदामांचा पाऊस. उत्तर लिहायला घेतलं ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

'शांतता! कोर्ट चालू आहे' मी तीनदा पाहिलंय आणि तिन्ही वेळा त्यातल्या खोट्या खटल्यात आरोपी झालेल्या बेणारेच्या स्वगताला रडलेय. पण न्यायाधीश झालेला काशीकर तिला बोलायला किती वेळ देतो, हे पुस्तक हातात येईपर्यंत माझ्या डोक्यातच शिरलं नव्हतं. दहा सेकंद! त्यापुढे ती पानंच्या पानं बोलते आणि बाकी सगळे जागच्या जागी थिजलेले. मग ती बोलली का? की तोंडातून शब्दही न फुटता ते दहा सेकंद संपले? नाट्यगृहात मी नाक पुसत होते, हा प्रश्न कधी पडणार?

आता समग्रच का, तर 'शांतता' 1967चं, 'गिधाडे'चा प्रयोग 1970चा. प्रयोगांच्या क्रमाने गेलं की वाटतं, माणूस हळूहळू हिंस्र होत गेला. पण 'गिधाडे' लिहून कितीतरी आधी पडून होतं. लेखनाच्या क्रमाने शेजारी शेजारी लावा, सगळा हिशोब उलटतो. इंग्रजी वाचकाला ऑक्सफर्डने 2003 साली आठ नाटकांचा खंड दिला, पुढे महेश एलकुंचवार आणि सतीश आळेकर या नाटककारांचेही दिले. मी मात्र तेंडुलकरांच्या 'बेबी' नाटकासाठी रद्दीची दुकानं पालथी घातली.

लोणचंवाला
ते लोणचं माझंच. आभार.
'घाशीराम कोतवाल' वाचून दाखवा बरं. एका ओळीत उभ्या ब्राह्मणांची ती डुलणारी भिंत, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यं. कागदावर काय उरतं? दोन ओळींची रंगसूचना. कीर्तनातून लावणीत कधी गेलो ते प्रेक्षकाला कळत नाही, तीच तर गंमत. वाचकाला आधीच कळतं, कारण टाइप बदललेला असतो.

तिसरी घंटा
डिसेंबर 1972 ला आलेलं 'घाशीराम' एकोणीस प्रयोगांवर पीडीएने, म्हणजे ते करणाऱ्या पुण्याच्या नाट्यसंस्थेनेच, थांबवलं. त्यातल्या कलाकारांची थिएटर अकॅडमी ही नवी संस्था उभी राहिली म्हणून ते परत आलं. नसती राहिली तर तुमची डुलणारी भिंत कुठे बघितली असतीत? संहितेतच ना?

विंगेतला
ताई, ऑक्सफर्डची आठ नाटकं म्हणजे समग्र कसं? त्यात 'श्रीमंत' नाही, 'अशी पाखरे येती' नाही, तुमची ती 'बेबी'पण नाही. निवडक म्हणा.
आणि आमचं दुखणं ऐका. राज्य नाट्य स्पर्धेची तालीम. आठशे पानांचा ठोकळा हातात घेऊन कोण मूव्हमेंट करणार? आम्हाला सुटी, पातळ पुस्तकं पाहिजेत. ती मिळत नाहीत, मग एका प्रतीवरून बारा झेरॉक्स.

मामाचा भाचा
बारा झेरॉक्स! आणि किती अभिमानाने सांगतोय! प्रयोगाआधी परवानगी घ्या, हे पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर छापलेलं असतं. ते पान पण झेरॉक्स करता की वगळता?

विंगेतला
झेरॉक्स वाचायला असते, परवानगीचा काय संबंध? आणि पैसे कुठून आणणार? सेटचा टेम्पो, मेकअप, हॉलचं भाडं, सगळं पदरचं. नोकरी सांभाळून करतो आम्ही. एसीत बसून उपदेश सोपा असतो.

मामाचा भाचा
टेम्पोवाल्याला रोख, मेकअपवाल्याला रोख, फक्त लेखकाला "सर, तुमचे आशीर्वाद". माझ्या मामाने चार एकांकिका लिहिल्या. एक तर गावोगावी झाली. त्याला कळायचं कसं? पेपरात बक्षिसाची बातमी आली की. एकदा तो स्वतः तिकीट काढून स्वतःचंच नाटक बघून आला. कार्यक्रमपत्रिकेत नाव चुकलेलं.

विंगेतला
मामांचं वाईट वाटलं. पण ती झेरॉक्स मी काढली नव्हती.

मामाचा भाचा
कुणीच काढलेली नसते.

पहिली रांग
दोघं बाहेर जाऊन भांडा. समग्रवाल्यांनी 'गिधाडे'चा निळा डाग आठवावा. नाटकातल्या माणिकच्या पातळावरचा गर्भपाताचा लाल डाग सेन्सॉरला चालेना. दिग्दर्शक डॉ. श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि प्रेक्षकांना सांगून टाकलं, तो लालच समजा. हे टीपेत येणार असेल तर तुमचा ग्रंथ मी पदरमोड करून घेईन. टीपा नसतील तर ते समग्र नाही, नुसतं बायंडिंग.

तिसरी घंटा
हे मात्र शंभर टक्के. संपादक हवा, बाइंडर नको. (सखारामने रागावू नये.)

एडिसनकर
बाइंडरवरून आठवलं. माझ्याकडे तो इंग्रजी खंड आहे. शिव्या धुऊन, इस्त्री करून आल्यासारख्या वाटतात, ते सोडा. पण मुलीने त्यातच 'सखाराम बाइंडर' वाचलं. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणाली, "बाबा, सखारामची नाही, मला लक्ष्मीची भीती वाटली." कॉलेजात असताना सखारामने घरात ठेवलेली लक्ष्मी बिचारी, यावर मी मित्राशी महिनाभर अबोला धरला होता! मुंगळ्याशी हसत बोलणारी बाई शेवटी सखारामने मारलेल्या चंपाच्या प्रेतापाशी किती शांत असते, हे मी कधी नीट वाचलंच नव्हतं. प्रयोग पाहिला होता आणि लक्ष्मीचं काम करणारी नटी फार गोड होती.

लोणचंवाला
म्हणजे नटीने घात केला म्हणायचं! नाटक नाटकवाल्यांपासूनच वाचवायला निघालाय तुम्ही लोक.

तिसरी घंटा
एका नटीने एक लक्ष्मी दाखवली, पुस्तकात आणखी चार असतात. एवढंच म्हणतेय कालपासून.

विंगेतला
त्या चार दाखवायला पण सुटी पुस्तकंच लागतील. बोललो.

लोणचंवाला
दहा सेकंदांचं खरं आहे. रात्री काढून बघितलं, दोनदा वाचलं, मग झोप नाही. तरी 'घाशीराम' मी वाचणार नाही म्हणजे नाही.
आणि पुस्तक कुठलं, आवृत्ती कितवी, हे भाच्याने विचारू नये. झेरॉक्स आहे.