हेक्टरी पाच हजार: पेरलं कुणी, खात्यावर कुणाच्या?

बांधावरून (औसा)
"सोयाबीनला हेक्टरी पाच हजार वाटणं म्हणजे करदात्याच्या पैशाची उधळपट्टी," असं काल एकानं लिहिलं. ते वाचून झोप लागली नाही. राज्य सरकारची ही मदत म्हणजे एकरी दोन हजार, तेही दोन हेक्टरपर्यंतच. खरीप २०२३ चे पैसे खात्यावर पडायला सप्टेंबर २०२४ संपत आला. त्यानंतरची सुगी बघा. हमीभाव क्विंटलला ४८९२, आडतीवर मला मिळाले ४१००. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर नेला, तर पोरानं मूठभर दाणे यंत्रात टाकले आणि ओलावा आला १३.४ टक्के. बाराच्या वर चालत नाही, घेऊन जा म्हणाला. पंधरापर्यंत ओलावा चालेल हा निर्णय नोव्हेंबरात आला. तोवर दिवाळी झाली होती, माल विकून उधारी भागवली होती. क्विंटलमागे आठशे गेले. ते कुणी उधळले?

करदाता, पुणे
मीच लिहिलं होतं. तुम्ही भाव सांगता २०२४ चा आणि पैसे आले २०२३ चे. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, त्याच्या दीड-दोन महिने आधी पैसे आले, हे का सांगत नाही? तेवढ्या पैशांत गावोगाव माल वाळवायची सोय झाली असती.

आडत गल्ली
दोघांचंही चुकतंय. भाव पाडला तो आयातीनं. सोयाबीनात तेल अठरा टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक पेंडच. ऑगस्ट २०२१ मध्ये बारा लाख टन पेंड आयातीला परवानगी मिळाली आणि दहा हजारांवर गेलेला भाव दोन-तीन महिन्यांत निम्म्यावर आला. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के आयात शुल्क लावलं, मे २०२५ मध्ये ते १० वर आणलं. शिव्या मात्र आडत्याला.

बटईवाली
आमचं कुणी बोलतच नाही. पाच एकर बटईनं, म्हणजे दुसऱ्याचं रान वाट्यानं केलं. बी निम्मं आमचं, खुरपण सगळं आमचं. मोझॅक रोगानं पान पिवळं पडलं तेव्हा फवारणीला कानातलं गहाण टाकलं. पैसे मालकाच्या खात्यावर गेले. मागायला गेले तर म्हणाले, सातबारा कुणाच्या नावावर आहे?

बांधावरून
ताई, मालकानं निम्मे द्यायला पाहिजे होते. पण तो योजनेचा दोष नाही.

बटईवाली
मग कुणाचा, दादा? नुकसान पेरणाऱ्याचं आणि मदत सातबाऱ्याला, हा नियम आमच्या मालकानं केला का?

सातबारा माझा
कागद का करत नाही ते मी सांगतो. वडिलांनी १९७० च्या सुमारास चार एकर तोंडी कसायला दिली. पीकपाहणीत कसणाऱ्याचं नाव लागलं आणि कूळ म्हणून, म्हणजे कसतो म्हणून जमिनीवर हक्क सांगणारा, त्याचा दावा उभा राहिला. तारखांना मी शाळा बुडवून वडिलांबरोबर जायचो. आता आम्ही दरवर्षी माणूस बदलतो. आम्हाला लुटारू म्हणू नका.

बटईवाली
म्हणजे भीती तुमची आणि भुर्दंड आमचा. दरवर्षी माणूस बदलता म्हणून तर रानात शेणखत कुणी टाकत नाही.

सातबारा माझा
तोंड सांभाळून बोला. खताचे अर्धे पैसे मी देतो.

करदाता, पुणे
भांडू नका. ताईंचं वाचून मला माझं म्हणणं बदलावं लागतंय. पैसे देऊच नयेत असं आता म्हणणार नाही. पण सातबाऱ्यावर द्यायला माझा विरोध कायम आहे. आमच्याच घरी लातूरकडची सहा एकर आहे, बटईनं दिलेली. दहा हजार आईच्या खात्यावर आले, आणि पेरलं कुणी हे मी विचारलंसुद्धा नव्हतं.

बांधावरून
वर्षाचा घोळ माझा, मान्य. बाकी एक शब्द मागे घेणार नाही. पण त्या दहा हजारांचं काय केलं, तेवढं सांगा.

करदाता, पुणे
आईच्या खात्यावरच आहेत. बटईदाराचा नंबर तिच्याकडे आहे, उद्या फोन करतो.

बटईवाली
निम्मे नाही, सगळे द्या. कापणीची मजुरीसुद्धा त्यांनीच दिली असेल.