ना-हरकत पत्राचं आधी बघा
'नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी पीएचडी उरकते' हे म्हणणं अर्धंच खरं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांत अर्धवेळ पीएचडीला मुभा आहे, पण नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. त्यात, गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएचडीतल्या ठरलेल्या अभ्यासक्रमासाठी) कामातून मोकळं करू, असंही लिहून द्यावं लागतं. चाकणच्या आमच्या कंपनीत एचआरचं घोडं नेमकं या ओळीवर अडलं. चार महिने गेले!

आणि पीएचडीला स्ट्रॅटेजी, म्हणजे कंपन्यांची व्यवसायधोरणं, हा विषय घेणार असाल तर माहिती कुठून मिळणार ते आधी ठरवा. मी आमच्याच कंपनीचे विस्ताराचे निर्णय अभ्यासणार होतो. साहेबांनी चहा पाजला, कागद मात्र दाखवले नाहीत. शेवटी भोसरीतल्या सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योजकांकडे वळलो. ती मंडळी भरभरून बोलतात, फक्त शिफ्ट सुटल्यावर.