मदत हवी आहे : .२२ कॅलिबरच्या बंदुकीच्या गोळ्या किती साठवाव्यात?

अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांना प्रश्न. डिसेंबर २०१२ मधल्या सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतर आणि पुन्हा २०२० मध्ये करोनाकाळात लोकांनी घाबरून गोळ्यांची दुकानं रिकामी केली. दुसऱ्या वेळी ९ एमएमची (पिस्तुलाची) २० सेंटच्या आसपास मिळणारी गोळी ६० च्या वर गेली. सेंटरफायरवाले (ज्यांच्या गोळीत ठिणगी देणारं प्रायमर बुडाच्या मध्यभागी, वेगळं बसवलेलं असतं) रिकाम्या केस, म्हणजे गोळीची पुंगळी, पुन्हा भरतात (नवी प्रायमर मिळाली तर!). .२२ ही रिमफायर, तिचं प्रायमर केसच्या काठातच असतं, त्यामुळे ती वाट बंद. शिवाय लॉट (कारखान्यात एकत्र बनलेल्या गोळ्यांची खेप) बदलला की ५० मीटरवर गट (निशाणावर पडलेल्या छिद्रांचा पुंजका) पसरू शकतो, म्हणजे मिळेल ते उचलूनही भागत नाही.

महिन्याला ५०० ची एक ब्रिक लागते. एकाच लॉटच्या किती ब्रिक घेऊन ठेवाव्यात? लॉट पारखायला दहा-दहा गोळ्यांचे किती गट मारता? आणि भाव चढल्यावर, शिपिंग धरून, गोळीमागे किती सेंटला हात आखडता घेता?