पहिला वॉटरकूलिंग लूप: कॉलर पूर्ण आवळूनही नळी निसटते

प्रश्न
कॉम्प्युटरचा सीपीयू आणि ग्राफिक्स कार्ड एकाच लूपमध्ये (पाणी फिरवून थंड करणाऱ्या नळ्यांच्या बंद साखळीत) घ्यायचे आहेत. ३६० मिमी रेडिएटर, डी५ पंप, त्यावरच अ‍ॅक्रिलिकची टाकी. मऊ पीव्हीसी नळी १०/१३ ची आहे, कंप्रेशन फिटिंग (नळीवर कॉलर, म्हणजे आट्यांची कडी, आवळून तिला धरणारे जोड) १०/१६ ची आली आहेत. नळी बार्बवर (फिटिंगच्या नळीत शिरणाऱ्या तोंडावर) चढते, कॉलरही शेवटपर्यंत फिरते, पण जरा ओढली की नळी सरकते. झिपटाय लावून भागेल का? आणि फिटिंगच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची का?

प्रतिसाद १
झिपटायने भागवू नका. नळीच्या मापात पहिला आकडा आतल्या व्यासाचा, दुसरा बाहेरच्या, दोन्ही मिमीत. १०/१६ नळीची भिंत ३ मिमी जाड असते, तुमच्या नळीची फक्त दीड. म्हणजे कॉलर आणि नळी यांच्यात सगळीकडून दीड मिमी फट राहते. कॉलर नळीला दाबतच नाही, तिला फक्त बार्बने धरलं आहे. पाणी तापलं की पीव्हीसी मऊ पडतं आणि ती पकडही सैल होते.

फिटिंग ठेवा, नळी बदला. तुमच्या लूपला किमान आठ फिटिंग लागतात, नळी दोन-अडीच मीटर पुरते. खर्च नळी बदलण्यातच कमी. शिवाय जाड भिंतीची नळी वळणावर लवकर चिमटत नाही.

टेफ्लॉन अजिबात नको. घरच्या नळजोडणीची ती सवय इथे नडते. जी १/४ चे, म्हणजे या फिटिंगच्या नेहमीच्या मापाचे, आटे समांतर असतात, पाणी अडवते ती ओ-रिंग (रबरी कडी). टेपचे तुकडे सुटले तर सीपीयू ब्लॉकच्या (सीपीयूवर बसणाऱ्या, आतून पाणी जाणाऱ्या ठोकळ्याच्या) बारीक फटींत अडकतात. रिंग खाचेत नीट बसली आहे, तिला केस किंवा कचरा चिकटलेला नाही, एवढं पाहा आणि फिटिंग हाताने आवळा. रिंग टेकली की किंचित पुढे, बस. पक्कड लावली की अ‍ॅक्रिलिकला छिद्राभोवती केसासारखी चीर जाते, आणि ती कधीकधी काही दिवसांनी दिसते.

प्रतिसाद २
नळी बसवताना होणाऱ्या चुका वेगळ्या. कात्रीने कापू नका: नळी चेपते आणि काप तिरका येतो. धारदार ब्लेड किंवा नळी कापायचा कटर घ्या. आधी कॉलर नळीवर ओवा, आटे फिटिंगकडे. हे हमखास विसरतं. टोकाचा एक सेंटिमीटर भाग गरम पाण्यात पंधरा-वीस सेकंद धरा, मग थोडं फिरवत नळी थेट बुडापर्यंत ढकला. टोक आणि फिटिंगचं बूड यांत फट दिसली तर कॉलर लावू नका, पुन्हा ढकला. कॉलर आवळताना नळी दुसऱ्या हाताने धरा, नाहीतर ती पिळली जाते.

लांबीत कंजुषी नको. फिटिंगमधून निघाल्यावर दोन-तीन सेंटिमीटर नळी सरळ जाऊ द्या. तिथेच वळण आलं की कॉलरवर एका बाजूने ताण येतो आणि गळती बहुतेक तिथूनच सुरू होते.

प्रश्नकर्ता
१०/१६ नळी मागवली. पाणी भरण्याआधी तपासायचं कसं? सायकलचा पंप चालेल?

प्रतिसाद ३
नुसता पंप नको, त्याचा दाब लूपला झेपणार नाही. गेज (दाब दाखवणारा काटा) असलेला लीक टेस्टर घ्या. बाकी सगळी तोंडं प्लगने बंद करा, दाब ०.५ बारच्या वर नेऊ नका, अर्धा तास थांबा. सुरुवातीला मऊ नळी ताणते म्हणून काटा जरासा उतरतो. नंतर तो स्थिर राहिला पाहिजे. उतरतच राहिला तर लूप मधून तोडून एकेक अर्धा भाग तपासा.

मग डिस्टिल्ड वॉटर. मदरबोर्ड आणि कार्डाच्या सगळ्या पॉवर केबल काढून ठेवा, वीज फक्त पंपाला. पीएसयू (पॉवर सप्लाय) बंद असताना त्याच्या २४ पिनच्या कनेक्टरमध्ये १६ वी आणि १७ वी पिन जंपरने (तारेच्या छोट्या तुकड्याने) जोडा. जुन्या पीएसयूत ती हिरवी आणि शेजारची काळी वायर. सगळ्या वायर काळ्या असतील तर जंपर प्लगच घ्या. पंप काही सेकंदच चालवा, टाकीतली पातळी उतरली की बंद करून भरा. डी५ ला वंगण त्याच पाण्याचं मिळतं, त्यामुळे कोरडा चालवला तर बेअरिंग जातं. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू ठेवा आणि पंप रात्रभर चालू द्या. बोटाला न जाणवणारी ओलही कागदावर डाग पाडते.

मशीन पहिल्यांदा चांगलं तापून थंड झालं की सगळ्या कॉलर पुन्हा हाताने तपासा. मऊ नळी दबून बसलेली असते, एखादी कॉलर पाव फेरा सहज पुढे जाते.