विषय: कढीपत्ता टकला झालाय!

नमस्कार मंडळी,
ऑक्टोबरात कुंडी घरात घेतली तेव्हा झाड कमरेइतकं होतं, हिरवंगार. आता रोज सकाळी खाली पिवळ्या पानांचा सडा. पाणी नेमाने रोज घालते, आठवड्याला ताकाचं पाणीही. शिकागोच्या थंडीत चार वर्षं टिकवलंय हो. गेलं का?

---

अगं, रोज पाणी? तिथेच घात झाला. हिवाळ्यात कढीपत्ता झोपतो, पानं गाळणं त्याचा स्वभावच. झोपलेल्याला पाणी पाजलंस तर मुळं कुजतात. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाल, कोरडं लागलं तरच पाणी. ताक आत्ता बंद, नाहीतर चिलटं होतील आणि घरभर आंबूस वास. कुंडी हीटरच्या झोतापासून लांब, दक्षिणेच्या खिडकीत ठेव.
खोडाची साल नखाने जरा खरवड. आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे.
मे महिन्यात रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटच्या वर राहायला लागलं की बाहेर काढ, पण आठवडाभर सावलीत. एकदम उन्हात ठेवलंस तर कोवळी पानं करपतात. शेंडे खुड, फुलांचे तुरे दिसले तर तेही. मग झाड फांद्या धरतं.
– काकू

---

एवढा खटाटोप कशाला? माझा भाऊ फ्लोरिडाहून गाडीने येतोय, दोन रोपं आणायला सांगतो.

---

भाऊजी, नका हो! कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला. त्यावर पोसणारी सिला कीड संत्र्याच्या बागांत ग्रीनिंग रोग पसरवते, फ्लोरिडात २००५ पासून त्याचा धुमाकूळ आहे. म्हणून तिथलं रोप परवान्याशिवाय राज्याबाहेर नेता येत नाही. भारतातून बॅगेत ताजी पानं आणलीत तरी विमानतळावर काढून घेतात, माझी गेलीयेत.
– काकू

---

काकू, खरवडलं! वरचा बहुतेक भाग तपकिरी, कडकडीत. खाली मात्र हिरवं. वाळलेलं कापून टाकलं, आता वीतभर काठी उरलीये. नवरा विचारतो, ही काठी दिवाणखान्यात किती दिवस?
तोवर फोडणीचं काय करू? वाळलेल्या पानांना तर वासच नाही.

---

वाळवायची नाहीतच. डहाळ्या धुऊन, पूर्ण कोरड्या करून, हवा काढलेल्या पिशवीत फ्रीझरमध्ये. वापरताना वितळू द्यायची नाहीत, थेट तेलात. तडतड उडतं, झाकण हाताशी ठेव.
शनिवारी हळदीकुंकवाला येतेयस ना? तुझं वाण म्हणून एक पिशवी काढून ठेवलीये. वाटी दुसऱ्या कोणाला देईन.
– काकू